कुठलाही चालतो!

घरी कॉम्प्युटर जुळवायचं ठरलं की मित्रमंडळात एक जाणकार हजर होतोच. प्रोसेसर कुठला, यावर तो तासभर बोलतो. ग्राफिक्स कार्डावर दोन तास. एसएसडीला हीटसिंक हवा की नको, कॅबिनेटची काच कुठल्या बाजूला, पंख्यांचे दिवे कुठल्या रंगाचे, सगळ्यावर त्याचं मत असतं आणि ते ठाम असतं. यादीच्या तळाशी पोचलं की मात्र त्याचा उत्साह मावळतो. ‘एसएमपीएस ना? कुठलाही टाक. साडेचारशे वॅटचा कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो. वाचतील ते पैसे कार्डात घाल, चार फ्रेम जास्त मिळतील.’ पंगत उठताना मठ्ठा वाढावा तसा उरल्यासुरल्या पैशांतून एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारी ती पेटी, वाढला जातो आणि यादी संपते.

हे मत अडाण्यांचं असतं तर सोडून दिलं असतं. पण ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काउंटरमागे बसलेले लोक सांगतात, पुण्याच्या तापकीर गल्लीत सांगतात, आणि वर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला पुतण्याही सांगतो. ज्यांना बाकीचं सगळं कळतं त्यांनाच नेमकं हे कळत नाही, किंवा कळून घ्यायचं नसतं. म्हणून चीड येते.

त्यांची बाजू मी कमजोर करून मांडणार नाही. ती अशी आहे. एसएमपीएसने गेम वेगाने चालत नाही, व्हिडिओ लवकर रेंडर होत नाही, मग त्यावर पैसे का घालवायचे? बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्ट. आठशे रुपयांच्या पेटीतून आले काय आणि चार हजारांच्या पेटीतून आले काय. वॅट पुरेसे आहेत एवढं बघावं. फारच भीती वाटत असेल तर दुप्पट वॅटचा घ्यावा, नाहीतर गोल्डचा शिक्का असलेला घ्यावा. घरी यूपीएस असतोच. आणि एवढं करून उडालाच, तर आठशे रुपयांत दुसरा बसवावा. शिवाय ‘माझा सात वर्षं झाली, अजून ठणठणीत चालतोय.’ ऐकायला सगळं कसं व्यवहारी, शहाणपणाचं वाटतं.

आधी तो साडेचारशेचा आकडा घेऊ. फुकटात आलेली पेटी उलटी करा आणि बाजूला चिकटवलेला कागद वाचा. ‘४५०’ हा बहुतेक वेळा मॉडेलच्या नावाचा भाग असतो. पुढे ‘वॅट’ लिहिलेलं असेलच असं नाही. म्हणजे पेटी खोटं बोलतच नाही, खोटं आपलं आपणच वाचतो. खाली तक्ता असतो. नमुन्यादाखल असा: ३.३ व्होल्टला १४ अँपिअर, ५ व्होल्टला १६, १२ व्होल्टला १६. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं आहे. पहिल्याचे ४६, दुसऱ्याचे ८०, तिसऱ्याचे १९२. स्टँडबाय आणि उणे १२ व्होल्टचे किरकोळ सोळा मिळवा. बेरीज ३३४. वरचे एकशे सोळा वॅट कुठून आले? ते छापखान्यातून आले.

आणि हे ३३४ सुद्धा मी उदारपणे धरले. कारण आजच्या कॉम्प्युटरमधले दोन मोठे खाणारे, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेनेच घेतात. १९९५ साली इंटेलने बोर्ड आणि एसएमपीएससाठी एटीएक्स ही प्रमाणरचना आणली तेव्हा असं नव्हतं; प्रोसेसरचं पोट तेव्हा ५ आणि ३.३ व्होल्टवर भरत असे. २००० साली पेंटियम ४ आला, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा वेगळा चार पिनांचा प्लग आला, आणि तेव्हापासून सगळा भार १२ व्होल्टकडे सरकत गेला. फुकटातल्या पेट्या मात्र अजून त्या जुन्या काळात रमलेल्या आहेत. ५ आणि ३.३ व्होल्टचे अँपिअर त्या दिमाखात छापतात, ज्यांची आता फारशी कुणाला गरज नाही, आणि जिथे गरज आहे तिथे १९२ वॅट देऊन मोकळ्या होतात. एखादा प्रामाणिक ५५० वॅटचा एसएमपीएस घेऊन त्याचं लेबल शेजारी धरा: १२ व्होल्टला ४५ अँपिअर, म्हणजे ५४०. जवळजवळ सगळीच ताकद एका वाटेवर. साडेचारशे आणि साडेपाचशे यांत शंभराचा फरक आहे असं वाटत होतं ना? तो जवळजवळ तिप्पट आहे.

‘पण बारा व्होल्ट येतात की नाही? मल्टीमीटर लावून बघ!’ हा पुढचा युक्तिवाद. दुकानात तर मल्टीमीटरही लागत नाही. चोवीस पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरला टाचणीने जोडतात, पंखा गरगर फिरतो, ‘बघा साहेब, एकदम ओके!’ पंखा फिरला म्हणजे पंखा फिरला. त्यावरून एसएमपीएस चालू होतो एवढंच कळतं. तीनशे वॅटचा भार अंगावर आल्यावर तो काय करतो, हे टाचणीला विचारून उपयोग नाही.

मल्टीमीटरही इथे भोळाच. तो सरासरी सांगतो. त्या १२ व्होल्टवर सेकंदाला हजारो वेळा जी बारीक थरथर चालू असते, ज्याला रिपल म्हणतात, ती त्याला दिसत नाही. त्याला ऑसिलोस्कोप लागतो. एटीएक्सची मर्यादा १२ व्होल्टच्या वाटेवर १२० मिलिव्होल्ट आहे, ५ आणि ३.३ व्होल्टवर ५० मिलिव्होल्ट. ही थरथर मर्यादेबाहेर गेली तर मदरबोर्ड त्या क्षणी बंद पडत नाही, म्हणून तर आपण बेफिकीर राहतो. बोर्डावरचे, कार्डावरचे कपॅसिटर ती मुकाट्याने गिळत राहतात, तापत राहतात आणि वेळेआधी म्हातारे होतात. दीड-दोन वर्षांनी अधूनमधून निळा पडदा येऊ लागतो. मग आपण विंडोज पुन्हा टाकतो. मग रॅम बदलतो. मग मदरबोर्ड कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. ज्याने हे सगळं केलं तो कॅबिनेटच्या तळाशी पंखा फिरवत निवांत बसलेला असतो, त्याच्यावर कुणाचा संशयही जात नाही.

आता ‘उडाला तर आठशेत दुसरा’ या महान हिशेबाकडे येऊ. हा हिशेब एसएमपीएस एकटाच उडतो असं धरून चालतो. का धरायचं तसं? कॅबिनेटमधली प्रत्येक महागडी वस्तू ज्या तारांना लटकलेली आहे त्या तारा त्याच पेटीतून निघतात. चांगल्या एसएमपीएसमध्ये पहारे बसवलेले असतात: व्होल्टेज वाढलं तर बंद, करंट हद्दीबाहेर गेला तर बंद, एकूण भार वाढला तर बंद, शॉर्ट झालं तर बंद, आतलं तापमान चढलं तर बंद. तो जातानाही एकटा जातो, घर जाळून जात नाही. फुकटातल्या पेटीत यांतले किती पहारे खरोखर जागे असतात? करडी वायर घ्या. तिचं काम असं की सगळी व्होल्टेज जागेवर स्थिरावली की मगच मदरबोर्डाला ‘आता उठ’ असा निरोप द्यायचा. अगदी स्वस्तातल्या काही पेट्यांमध्ये हा निरोप तपासून दिलाच जात नाही; करडी वायर सरळ ५ व्होल्टला जोडून टाकलेली असते. पहारेकरी नाही, पहारेकऱ्याचा पुतळा. चार पैसे वाचवून पंचवीस हजारांचं कार्ड अशा पुतळ्याच्या भरवशावर सोडायचं, आणि वर स्वतःला व्यवहारी म्हणवून घ्यायचं!

अशी एखादी मेलेली पेटी उघडलेली बघितली तर बाकी वाद घालायची गरजच उरत नाही. (उघडलेली बघावी, स्वतः उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहू शकतात.) सर्किटवर, वीज आत शिरते त्या जागी, फिल्टरच्या कॉइलसाठी गोल आखलेला असतो, नंबरही छापलेला असतो. कॉइल नसते. तिच्या जागी दोन उघड्या तारा आडव्या टाकून छिद्रं जोडलेली असतात. शेजारी कपॅसिटरची जागा, तीही रिकामी. म्हणजे रचना करणाऱ्याला काय हवं ते माहीत होतं. बनवणाऱ्याने ते मोजून वगळलं.

याच फिल्टरवरून आपल्याकडे एक गंमत चालते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि लोक म्हणतात एसएमपीएस खराब. खरं तर फिल्टरमधल्या दोन बारीक कपॅसिटरांचं मधलं टोक पत्र्याला जोडलेलं असतं. घराच्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर पत्रा २३० च्या जवळजवळ निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून फक्त झिणझिण्या. दोष वायरिंगचा. पण ज्या पेटीत फिल्टरच गाळलेला आहे तिच्यात हा प्रकार कमी होऊ शकतो. मग निष्कर्ष काय निघतो? ‘महागाचा शॉक देत होता, स्वस्तातला बसवला तर एकदम बरा!’ सगळ्या दुनियेत एसएमपीएसचा जो एक दोष नसतो, तेवढाच आपण त्याच्यावर लादतो. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यायला दोनशे रुपये जातील म्हणून.

दुसरा पंथ पैसेवाल्यांचा. त्यांना फुकटातली पेटी नको असते, हे त्यांच्या बाजूचं एवढंच एक मान्य करतो. पण तेही डोकं न वापरताच घेतात, फक्त महाग घेतात. ‘साडेआठशे वॅट, गोल्ड. डोळे झाकून घे.’ डोळे झाकायचेच असतील तर फुकटातली तरी काय वाईट होती?

गोल्ड म्हणजे काय ते आधी बघू. ‘८० प्लस’ ही योजना २००४ साली सुरू झाली, आणि तिचा विषय आहे वीज किती वाया जाते हा. भिंतीतून घेतलेल्या शंभर वॅटांपैकी किती वॅट कॉम्प्युटरला पोचले, एवढं ती मोजते; २० टक्के, ५० टक्के आणि पूर्ण भारावर. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम या तिच्या पायऱ्या. त्यात रिपल मोजत नाहीत. पहारे जागे आहेत का, ते बघत नाहीत. वीज क्षणभर गेली तर एसएमपीएस किती टिकतो, तेही नाही. आणि चाचणीच्या खोलीचं तापमान २३ अंशांच्या आसपास. चंद्रपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, कॅबिनेटच्या आत त्याहून वर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. त्या खोलीतल्या शिक्क्यावर चंद्रपूरच्या माणसाने किती विसंबावं? त्याने विचारायचं ते हे, की पूर्ण वॅट किती अंशांपर्यंत मिळतील असं कंपनी लिहून देते, चाळीस की पन्नास? आतले कपॅसिटर ८५ अंशांचे की १०५ चे? हे प्रश्न शिक्क्यावर नसतात, म्हणून कुणी विचारत नाही.

‘पण विजेचं बिल वाचतं ना?’ वाचतं की. तीनशे वॅटच्या भारावर ब्राँझ ८८ टक्के आणि गोल्ड ९२ टक्के धरा. भिंतीतून खेचलेल्या विजेत फरक पडतो सुमारे १५ वॅटचा. रोज चार तास गेम खेळलात, वर्षात एक दिवस खाडा केला नाहीत, तर वर्षाला २२ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर २२० रुपये. गोल्डसाठी दोन हजार जास्त मोजले असतील तर ते नऊ वर्षांनी वसूल होतील. तोवर कॉम्प्युटर माळ्यावर गेलेला असेल.

राहिलं मोठ्या कंपनीचं नाव. २०२१ साली ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ होता, तेव्हा अमेरिकेत गिगाबाइटचे पी७५०जीएम आणि पी८५०जीएम हे एसएमपीएस कार्डांबरोबर जोडीने विकले गेले: कार्ड हवं तर हेही घ्या. दोन्ही गोल्ड. गेमर्स नेक्सस या चाचणी करणाऱ्या मंडळींनी त्यांवर भार चढवला तेव्हा त्यांतले अनेक स्फोटासारखा आवाज करून गेले. त्या ऑगस्टमध्ये कंपनीने निवेदन काढलं. अतिभाराचा पहारा १२० ते १५० टक्क्यांवर जागा व्हायचा, तो ११० ते १२० वर आणला, असं त्यात होतं, आणि ठरावीक सिरियल नंबरचे एसएमपीएस बदलून द्यायची तयारीही होती. म्हणजे शिक्का होता, वॅट होते, जगभर पोचलेलं नाव होतं. जे नव्हतं ते पेटीवर छापलेलं नसतं. शिवाय एसएमपीएसवर ज्या कंपनीचं नाव असतं तिनेच तो बनवलेला असतो असंही नाही. बरेचसे तैवान-चीनमधल्या सीडब्ल्यूटी, ग्रेट वॉल, एचईसी, एफएसपी, सीझॉनिक अशा कारखान्यांतून येतात, आणि एकाच नावाखालच्या दोन मालिका दोन वेगळ्या कारखान्यांतल्या, दोन वेगळ्या लायकीच्या असू शकतात. कंपनीचं नाव सांगून ‘हा चांगला’ म्हणणाऱ्याला मॉडेल विचारा. बहुतेकदा तो तिथेच अडखळतो.

आणि साडेआठशे कशाला हवेत? घरोघरी जुळवला जाणारा नेहमीचा कॉम्प्युटर घ्या: रायझन ५ ५६००, तो ताकदीला लागला तरी ८८ वॅटांच्या आत, आरटीएक्स ४०६०, ११५ वॅट, बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास. झाले अडीचशे. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅट सांगते, आणि त्या आकड्यातही तुम्ही कसला तरी सुमार एसएमपीएस लावाल ही शंका धरलेली आहे. कामधंद्याच्या वेळी हाच कॉम्प्युटर पन्नास-साठ वॅटवर बसलेला असतो, म्हणजे ८५० च्या सात टक्क्यांवर. गोल्डची सगळ्यात खालची चाचणी वीस टक्क्यांवर होते. दिवसातले बहुतेक तास तुमचा एसएमपीएस जिथे चालतो तिथलं गोल्डने काही वचनच दिलेलं नाही. गंमत म्हणजे याच पंथाशेजारी एक उलटा पंथही नांदतो, ‘साडेआठशेचा घेतला तर बिल दुप्पट येईल’ म्हणणारा. त्याला एकच ओळ पुरे: कॉम्प्युटर मागेल तेवढंच एसएमपीएस खेचतो.

वॅट मोजणाऱ्यांचं गणित दुसऱ्या टोकालाही फसतं. ग्राफिक्स कार्डाची भूक सरळ रेषेत नसते. ती सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ उसळते आणि खाली येते. २०२० च्या आरटीएक्स ३०८०, ३०९० पासून हे सगळ्यांच्या ध्यानात आलं: बेरजेने पुरेसा असलेला एसएमपीएस गेमच्या मध्येच झटक्यात बंद. म्हणून २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये नवा सोळा पिनांचा प्लग असलेल्या एसएमपीएसने दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे अशी अट आली. ही अट पाळणारा ६५० वॅटचा आणि न पाळणारा ७५० वॅटचा, यांत मी पहिला घेईन. आकड्याने बोलणाऱ्याला हे वाक्य समजावून सांगायला अर्धा तास लागतो, मी बघितलंय.

तोच सोळा पिनांचा प्लग ६०० वॅटपर्यंत नेतो, म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर, सहा पिनांत वाटून. एकेकीवर आठाहून जास्त. त्यामुळे तो नीट, शेवटपर्यंत बसला नाही तर काय होतं ते २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० च्या वितळलेल्या प्लगांनी दाखवलं. पुढे त्याची सुधारित आवृत्ती काढावी लागली. वायरींवरून निघालंच म्हणून सांगतो: मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका. मदरबोर्डाकडचं टोक ठरलेलं आहे, एसएमपीएसकडचं कुणीच ठरवलेलं नाही. प्लग बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जातात. हार्ड डिस्क त्यात जाते, आणि तिच्यावर घरातल्या लग्नाचे फोटो असतात.

यूपीएसवाले बाकी राहिले. ‘यूपीएस आहे ना, मग एसएमपीएस कसाही चालेल.’ मग मला सांगा, लाइट गेली की यूपीएस बीप करतो आणि कॉम्प्युटर तरीही बंद पडतो, हे तुमच्याकडे होत नाही? होतं. आणि आपण बॅटरी बदलतो. घरगुती यूपीएसला विजेवरून बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, दहाच्या आत-बाहेर. तेवढा वेळ एसएमपीएसने आतल्या मोठ्या कपॅसिटरच्या साठ्यावर तग धरायचा असतो. एटीएक्सची अपेक्षा वर्षानुवर्षं सोळा-सतरा मिलिसेकंदांची राहिली आहे. त्या कपॅसिटरवर वीस-तीस रुपये वाचवले की हा तग संपतो. यूपीएसने आपलं काम केलेलं असतं, एसएमपीएसने वाट पाहिलेली नसते. आणि उलटही ऐका: स्वस्त यूपीएस बॅटरीवर गोल लहरीऐवजी पायऱ्यापायऱ्यांची वीज देतो, ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही. शिवाय ‘६०० व्हीए’चा यूपीएस म्हणजे बहुतेकदा ३६० वॅटच. हे दोघे एकमेकांना जुळतात का, हे बघून घ्यावं लागतं.

गावाकडे तर आणखी वेगळा प्रश्न. संध्याकाळी पंप सुरू झाले की २३० चे १८० होतात. ॲक्टिव्ह पीएफसीचा १०० ते २४० व्होल्टचा एसएमपीएस ते निमूट सोसतो. ज्यावर २०० ते २४० छापलंय तो कुरकुरतो, मग त्यावर कुठलाही शिक्का असो. आणि ज्या पेटीच्या पाठीवर ‘११५/२३०’ असं लाल बटण आहे, तिच्यापासून लहान मुलांना लांब ठेवा. कुणी ते ११५ वर सरकवलं आणि वर २३० ची वीज आली, तर आत जो आवाज होतो तो शेजारच्या घरीही ऐकू जातो.

‘माझा सात वर्षं चालतोय’ यावर काय बोलणार? चालत असेल. ऑफिसचं काम, ऐंशी-नव्वद वॅटचा भार, वर एसी. अशा जागी पुतळाही पहारेकरी वाटतो. ज्यांचे उडाले ते सांगायला येत नाहीत. ते ‘मदरबोर्ड गेला’ म्हणतात, ‘कार्ड गेलं’ म्हणतात, ‘लाइटचा झटका आला’ म्हणतात. ‘एसएमपीएसने मारलं’ असं म्हणणारा मला फार क्वचित भेटलाय, कारण तसं म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: तो कुणी निवडला होता?

तेव्हा एसएमपीएस यादीच्या तळाशी नाही, माथ्यावर लिहायचा. बजेट तुटत असेल तर कार्ड एक पायरी खालचं घ्या. ते दोन वर्षांनी विकून बदलता येतं, आणि तसंही तुम्ही बदलणारच आहात. चांगला एसएमपीएस त्यानंतरच्या कार्डालाही पुरतो, त्याच्याही पुढच्याला कदाचित. भाराची बेरीज करा, तिच्यावर चाळीस-पन्नास टक्के ठेवा, थांबा. १२ व्होल्टचे अँपिअर वाचा. वॉरंटी बघा: जो दोन वर्षं देतो त्याला आपला माल किती टिकणार हे तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे, आणि जो सात किंवा दहा देतो त्यालाही. नेमक्या त्या मॉडेलची उघडून, भार चढवून, ऑसिलोस्कोप लावून कुणी चाचणी केली आहे का ते शोधा. सायप्रसची सायबेनेटिक्स ही प्रयोगशाळा शेकडो मॉडेलांचे अहवाल फुकट ठेवते, आवाजासकट. ब्राँझ असला तरी हरकत नाही, अहवाल बरा असला म्हणजे झालं. हे वाचायला एक संध्याकाळ जाते. पंख्यांच्या दिव्यांच्या रंगावर आपण याहून जास्त घालवतो.

आणि काउंटरवर एकच विचारायचं: ‘बारा व्होल्टला किती अँपिअर?’ पेटी उलटी करून जो वाचून दाखवतो त्याच्याकडून घ्या. जो पेटीला हातही न लावता ‘साडेचारशे आहे साहेब, कुठलाही चालतो’ म्हणतो, त्याच्याशी वाद घालत उभं राहू नका. लॅमिंग्टन रोडला दुकानांना तोटा नाही.